अंगणातली तिवरं

सकाळी उठलं की तिचं पहिलं काम अंगणातली रोपं उपटायची, आणि दुसरं काम खाडीवर जाऊन तसलीच रोपं लावायची. कुणाला सांगितलं असतं तर बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असंच लोक म्हणाले असते. म्हणून तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला नाही, आणि सासऱ्यांना तर नाहीच नाही.

उपटायचं काम खराट्याच्या आडून चालायचं. दाराशी खुर्चीवर सासरे बसलेले असत. मोतीबिंदूमुळे समोर माणूस आहे की खांब, हे त्यांना तो बोलल्यावरच कळायचं. पण कान मात्र शाबूत होते. त्यामुळे ती खराट्याचा आवाज थांबू द्यायची नाही. एका हातानं झाडायचं, दुसऱ्या हातानं वाकून रोप बुडाशी धरायचं, हलकेच ओढायचं आणि केराच्या बादलीत टाकायचं. दोन जाड हिरवी दलं, मधे कोवळं पान, खाली पांढरं मूळ. तिवराचं रोप. तिवराचं बी उधाणाच्या पाण्यावर तरंगत येतं आणि पाणी ओसरताना जिथं टेकेल तिथं रुजतं. म्हणजे रोप दिसलं तिथवर समुद्र येऊन गेला, हे सांगायला कुणी पंडित नको.

बादली भरली की परसातल्या विहिरीवरची फळी सरकवायची आणि बादली आत उपडी करायची. विहिरीचं पाणी कधीच खारट झालं होतं. घरात नळ आल्यापासून तिच्यात डोकवायचं कुणाला कारणच नव्हतं. फळी परत बसवली की अंगण स्वच्छ, सासरे निर्धास्त. पुढच्या उधाणापर्यंत तरी.

अंगण ओलं कसं, असं सासरे कधी विचारायचे. ती म्हणायची, "मोरी तुंबली होती, बाबा." त्या घरातली मोरी जितक्या वेळा तुंबली तितकी दुनियेत दुसऱ्या कुणाची तुंबली नसेल. पण सासरे "हं" म्हणायचे आणि गप्प बसायचे. म्हाताऱ्याला पटलं, असं तिनं धरून चालायचं.

हे सगळं कशासाठी, तर बांधासाठी. त्यांचं घर ज्या ओळीत होतं तिच्यापुढं जो दगडामातीचा लांबलचक बांध होता, तो सासऱ्यांनी बांधलेला. कागदावर तो कुणाच्या नावावर होता ते सरकारलाच ठाऊक, पण ओळीतलं पोरसोर त्याला आजोबांचा बांध म्हणायचं. तरुणपणी त्यांनी चार गडी जमवून दगड रचले, चिकणमाती कुटून कुटून भरली, आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला लाकडी झडप बसवली. खारं पाणी बाहेर राहिलं, आत गोडं पाणी टिकलं, वाफे झाले, विहीर झाली, घरं झाली. बांधाबद्दल ते थोरल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलत. "त्यानं मला कधी मान खाली घालायला लावली नाही," म्हणत. तिचा नवरा, म्हणजे खरा आणि एकुलता एक मुलगा, लाँचच्या इंजिनांची दुरुस्ती करून काळ्या हातांनी घरी आलेला असे. तो म्हणायचा, "मग आम्ही कधी घालायला लावली ते सांगा एकदा." यावर सासरे खूश होऊन हसायचे.

एकदा मात्र हसले नाहीत. टेकाडावर एका कारखान्याच्या मागं दोन खोल्या रिकाम्या होत होत्या, तिकडं जाऊया का, असं मुलानं सहज विचारलं होतं. सासऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली. "ज्या दिवशी खारं पाणी माझ्या अंगणात येईल ना, त्या दिवशी मी आपणहून उठेन. उचलायला कुणी यायला नको. तोवर हा विषय काढायचा नाही."

विषय कुणी काढला नाही. पण त्यानंतरच्याच पावसाळ्यात, एका मोठ्या उधाणानंतर, तिला कपडे धुवायच्या दगडाजवळ पहिलं रोप दिसलं. रोज शेकडो रोपं हाताळणारी बाई, तिची ओळख चुकणार थोडीच? बांध वरून बघितलं तर तसाच होता, एक दगड हललेला नव्हता. पण झडपेच्या कडेनं पाणी आत झिरपून आलं होतं, आणि बाहेरच्या समुद्राची पातळी इतकी वाढली होती, की त्याला आत यायला बांध फोडायची गरजच उरली नव्हती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि ते रोप उपटलं. एक खोटं बोललं की पुढची आपोआप येतात, तशी पुढची रोपं येत गेली.

आता यात तिचा स्वार्थ नव्हता असं नाही. माहेर दाखव म्हटलं असतं तर तिला पाण्याकडं बोट दाखवावं लागलं असतं. नदीच्या मुखाशी तिच्या वडिलांचं घर होतं. काठ ढासळत ढासळत आधी गोठा गेला, मग परस गेलं, मग घरच मागं घ्यावं लागलं, मग आणखी मागं. तिची आई शेवटी एका भाड्याच्या खोलीत वारली. जाण्याआधी भ्रमात एकच विचारत राहिली, स्वयंपाकघराची खिडकी लावलीस का गं? ज्या खिडकीबद्दल ती विचारत होती तिच्यात तेव्हा मासे फिरत होते. मुलगी प्रत्येक वेळी "लावली" म्हणत राहिली. तेव्हापासून बोचकं हा शब्दच तिला नको वाटायचा. सासरे म्हातारे म्हणून जपायचे, हे तर होतंच. पण पुन्हा एकदा भांडी गोणत्यात भरायची ताकद आपल्यात नाही, हेही होतं. दोन्ही कारणं तिनं एकाच फळीखाली झाकून ठेवली होती.

कामावर वेगळाच तमाशा. खाडीच्या कडेला हिरव्या जाळीच्या छपराखाली रोपवाटिका होती. काळ्या पिशव्यांत चिखल भरायचा, एकेका पिशवीत बी टेकवायचं, खाडीचंच पाणी घालायचं. रोपं वीतभर झाली की ओहोटीला पाट्या घेऊन चिखलात उतरायचं. गुडघ्यापर्यंत पाय रुतायचा, कालवांच्या शिंपल्या घोट्याला कापायच्या, आणि संध्याकाळी कंबर आपली आहे की शेजारणीची, ते कळायचं नाही. बायका गाणी म्हणत रोपं लावतात असं फोटोवाल्यांना वाटतं. कंबर भरून आलेल्या बाईला गाणं सुचत नाही.

रोपं कुठं लावायची, तर खुंट्यांच्या ओळीवर. आधीच्या मुकादमानं, तो निवृत्त होऊन गेला त्याच्याही कितीतरी आधी, चिखलात खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. त्या काळी ती जागा बरोबर होती. दिवसातून दोनदा भिजायची, दोनदा उघडी पडायची, तिवराला हवी तशी. नंतर पाणी चढलं. खुंट्या चढल्या नाहीत. आता ओहोटी लागली तरी तिथं पाणी रेंगाळायचं, आणि लावलेलं रोप पहिल्या पावसाळ्यातच कुजायचं. हे तिला दिसत होतं, बाकीच्या बायकांना दिसत होतं, नव्या मुकादमालाही दिसत होतं. पण दर वर्षी लावणीची वेळ आली की सगळे निमूटपणे त्याच खुंट्यांपाशी जाऊन वाकायचे. सवय ही अशी असते. शिवाय, दुसरीकडं लावायची म्हटली तर कुठं? खुंट्यांच्या वर जुन्या तिवरांचा पट्टा, आणि पट्ट्याच्या पाठीला लगेच बांध. तो पट्टा एके काळी इतका दाट होता, की होडीतून बघितलं तर बांध दिसायचा नाही. आता त्यातली निम्मी झाडं वाळून राखाडी झाली होती.

त्या वर्षी सरकारी कार्यालयातून एक मॅडम आल्या. पँट दुमडून सरळ चिखलात उतरल्या, दोनदा पडल्या, हसल्या आणि परत उठल्या. त्यांनी नवीन असं काही सांगितलं नाही. जे सगळ्यांना दिसत होतं तेच नीट सांगितलं. तिवर चिखलातून वर मुळं काढतं ती श्वास घ्यायला. पाणी जास्त वेळ साचून राहिलं तर झाड गुदमरतं. समुद्र तापतोय, फुगतोय, वर येतोय. अशा वेळी हे जंगल मागं सरकतं. झाड चालत नाही, पण त्याचं बी चालतं. फक्त मागं जागा पाहिजे.

"आणि मागं बांध आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढून पाणी, मागून भिंत. मधे चेंगरतायत बिचारी."

त्या गेल्यावर मुकादम तिच्याजवळ आला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त दोन्हीकडून बोलणी खाऊन दमलेला होता. "वहिनी, स्पष्टच सांगतो. अजून एक लावणी वाया गेली तर ही रोपवाटिका बंद. मॅडमचं म्हणणं, झडप उघडून बांधामागच्या पडीक वाफ्यांत भरतीचं पाणी खेळू द्यावं. तिथं रोपं जगतील, आणि मागच्या वस्तीला आडोसा होईल. ओळीतल्या घरांना टेकाडापलीकडं जागा देतायत. पण ओळ राजी झाली पाहिजे. आणि ओळ तुमच्या सासऱ्यांकडं बघते. ते हो म्हणाले तर सगळे हो म्हणतील."

"मग त्यांना विचारा ना."

"मी विचारू? मागं एकदा झडपेला नुसतं तेल लावू का विचारलं तर काठी उगारली त्यांनी." मुकादमानं कपाळाचा घाम पुसला. "तुम्हीच बोला. तुमचं ऐकतात."

"बघते," ती म्हणाली. आपल्याकडं जे करायचं नसतं त्याला बघते म्हणतात, हे मुकादमालाही माहीत होतं.

बांधामागं तिवर जगेल का, हे मॅडमना मोजून बघायचं होतं. तिला मोजायची गरज नव्हती. तिच्या अंगणात ते न लावता येत होतं, माजत होतं, उपटून उपटून तिचे हात दुखत होते. एवढं एकच वाक्य बोलली असती तर रोपवाटिका वाचली असती. पण त्या वाक्यासरशी घर गेलं असतं, आणि सासऱ्यांचा थोरला मुलगा नापास झाला असता. घरी येऊन तिनं नवऱ्याला अर्धंच सांगितलं. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तूच बोल. मी बोललो की इंजिन गरम होतं त्यांचं."

"सगळ्यांना मीच बरी सापडते," ती म्हणाली आणि भांडी जरा जास्तच आपटत घासली.

दिवस असेच ढकलत गेले. मग ऐन उधाणाच्या दिवसांत ती तापानं पडली. चिखलात भिजून, वाऱ्यात वाळून, पुन्हा भिजून शरीर कधीतरी हिशेब मागणारच. अंथरुणात तिला ताप कमी आणि अंगणाची काळजी जास्त होती. खिडकीतून पाण्याचा वास यायचा. उठायला गेलं की भिंत फिरायची. नवरा सकाळी पेज करून ठेवायचा, तिच्या कपाळाला हात लावायचा आणि कामावर जायचा. अंगणाकडं बघायची त्याला उसंत नव्हती. ती डोळे मिटून मनातल्या मनात मोजत राहायची: आता बी टेकलं असेल, आता फुटलं असेल, आता दलं उघडली असतील. आता म्हाताऱ्याच्या पायाला लागतील.

अंगातला ताप उतरला त्या सकाळी ती दाराची चौकट धरून बाहेर आली. आणि बघतच राहिली.

अंगण स्वच्छ होतं. माती अजून ओली होती, कडेला उधाणानं आणलेला काडीकचरा होता, म्हणजे पाणी येऊन गेलं होतं नक्की. पण रोप एकही नव्हतं. शेजारीण येऊन गेली म्हणावं, तर धुण्याच्या दगडाजवळचं तिचं मिरचीचं रोपही नव्हतं. त्या खाऱ्या मातीत, नळाचं पाणी घालून घालून, तिनं ते जिवापाड वाढवलं होतं. दोन मिरच्याही धरल्या होत्या. मिरची उपटेल अशी शेजारीण अजून जन्माला यायची होती.

ती तशीच भिंतीला धरून परसात गेली. विहिरीवरची फळी वाकडी बसली होती. तिनं ती सरकवली आणि आत डोकावली. वरून पडलेल्या उजेडात पाण्यावर रोपंच रोपं तरंगत होती. काही कुजलेली, पण पुष्कळशी जिवंत, मुळं खाली सोडून, पिवळट पानं फळीच्या फटींकडं करून. तिनं टाकली होती त्याच्या दुपटीनं तरी होती. आणि सगळ्यांच्या वर, अगदी ताजं, दोन मिरच्यांसकट तिचं मिरचीचं रोप.

सासरे खुर्चीवर बसले होते. धोतराचे दोन्ही गुडघे चिखलानं माखलेले, नखांत काळी माती. ती समोर जाऊन उभी राहिली. बोलली नाही, तरी त्यांना कळलं.

"उठलीस का? ताप उतरला?"

"बाबा, माझी मिरची का उपटलीत?"

म्हाताऱ्याचा हात गुडघ्यावरच्या चिखलावर गेला. मग ओशाळून म्हणाला, "मिरची होती होय ती? दलं पातळ लागली खरी हाताला. मला वाटलं, रोप अशक्त आहे."

ती पायरीवर बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"तू कामावर गेलीस की. तुझी कडेची राहून जायची. दगडामागची, पायरीखालची. मी बसल्या बसल्या सरकत जायचो." त्यांनी हात चोळले. माती पडली. "अगं, त्या बांधाची माती मी या हातांनी कुटली. त्याच्यातून पाणी आलं ते मला दिसायला कशाला पाहिजे? वासावरून कळलं. पहिल्याच उधाणाला. आणि मोरी म्हणे तुंबली! मोरीला कधी समुद्राचा वास येतो?"

"मग बोलला का नाहीत? तुम्हीच म्हणाला होता, पाणी आलं की मी आपणहून उठेन."

"म्हणालो होतो." काठीनं ते जमिनीवर रेघ ओढत राहिले. "पण तू रोज सकाळी एवढी धडपडत होतीस. मला वाटलं, पोरीचं एक घर पाण्यात गेलंय. दुसरंही गेलं हे तिला एवढ्यात मान्य करायचं नाही. तर नको. आपण आंधळे आहोतच, आंधळेच राहू."

तिला आठवलं, मोरी तुंबली म्हटल्यावर दर वेळी ते कसे "हं" म्हणायचे. दोन माणसं एकाच अंगणात, एकमेकांच्या नकळत, एकमेकांसाठी तण काढत बसली होती. आणि तण तरी कसलं? जे दोघांनी मिळून विहिरीत लोटलं, त्याच्यासाठीच तर ती पलीकडं चिखलात कंबर मोडत होती. एवढा वेळ, एवढे कष्ट. तिला विलक्षण दमल्यासारखं झालं. तापानं आलेला थकवा तो नव्हता. मुकादम काय म्हणाला ते तिनं तिथंच, पायरीवर बसून, एकही शब्द न गाळता सांगून टाकलं.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. काठी उगारली नाही. शेवटी फक्त म्हणाले, "झडप उघडायची तर मी उघडणार. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. तिची खिट्टी उलटी फिरते, त्या मुकादमाला जमायचं नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि हे बघ, यापुढं मोरी तुंबायची नाही. जे असेल ते सांगायचं."

"तुम्हीही," ती म्हणाली.

ओळ राजी झाली. आनंदानं झाली असं कुणी म्हणू नये. आजोबांनी सांगितलं म्हणून आणि घराघरांतल्या मोऱ्या फार दिवस तुंबत होत्या म्हणून झाली. निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं अडगळीतला दोर शोधून काढला आणि कित्येक वर्षांनी त्या विहिरीत बादली सोडली. पाण्याबरोबर रोपं वर आली. सासरे पायरीवर बसून एकेक चाचपत होते. मूळ कुजलेलं बाजूला, जिवंत तिच्या हातात. ती अंगणात लावत गेली. धुण्याच्या दगडाजवळ, वाफ्यांत, दारासमोर. सासरे म्हणाले, "माझी खुर्ची उचल आणि तिथं एक लाव. जागा चांगली आहे, मी पारखून घेतलीय." तिनं लावलं. हात सवयीनं रोपाच्या बुडाशी जात होता, उपटायला. दर वेळी तिला तो थांबवावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. भांडी गोणत्यात भरली, बोचकी बांधली. बोचकं बांधताना तिला वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही. हात आपोआप चालले. सासऱ्यांना त्यांच्या खुर्चीसकट टेम्पोत चढवलं. झडप त्यांनी पहाटेच उघडली होती, मुलाच्या खांद्याला धरून. खिट्टी उलटी फिरवून, कुणाला जवळ येऊ न देता. टेम्पो निघताना भरती नुकती लागत होती आणि पाणी वाफ्यांच्या सऱ्यांतून, घाई न करता, घराकडं येत होतं.

वळणाशी सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, स्वयंपाकघराची खिडकी लावलीस का?"

तिच्या आईचं ते विचारणं त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. घर सोडणारा म्हातारा माणूस विचारेल तेच त्यांनी विचारलं होतं. तिच्या ओठांवर जुनं उत्तर आलंही. तिनं ते गिळलं.

"नाही लावली, बाबा," ती म्हणाली. "उघडीच ठेवली."

सासऱ्यांनी तिचा हात चाचपून शोधला. त्याला अजून कालचा चिखल होता.

"बरं केलंस," ते म्हणाले.